मागचा जोर

कसाऱ्याला गाडी उभी राहिली की थोड्या वेळानं एक धक्का बसतो. फार मोठा नसतो. वरच्या बर्थवर झोपलेला माणूस फार तर कूस बदलतो, खिडकीशी ठेवलेल्या बाटलीतलं पाणी एकदा हिंदकळतं, आणि डब्यातल्या गप्पा होत्या तशा चालू राहतात. माझं बोलणं मात्र तिथं थांबतं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली. कल्याणला गाडी पकडून किती वेळा माहेरी गेले त्याचा हिशेब नाही, पण त्या धक्क्याला माझा हात अजून आपसूक सीटच्या कडेवर जातो. बँकर लागले. आता गाडी घाट चढणार आणि वर इगतपुरी येणार.

बँकर म्हणजे गाडीच्या शेपटाला लावलेली जादा इंजिनं. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. सगळी पुढेच का नाही लावत, असं मी लहानपणी अण्णांना विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. आईच्या शिवणाच्या डब्यातला जुना, विटलेला दोरा काढला, पाच-सहा रिकाम्या काडेपेट्यांत वाळू भरली, त्या एकामागे एक बांधल्या आणि पाट तिरका धरून म्हणाले, "ओढ." मी ओढलं. दोरा तुटला तो पहिल्या आणि दुसऱ्या पेटीच्या मध्ये. बाकीची माळ घरंगळत खाली आली, वाळू फरशीभर झाली. अण्णांनी माळ पुन्हा बांधली. "आता ओढताना मागच्या पेटीला बोट लाव." या वेळी सगळी माळ सुतासारखी वर गेली. "चढावर सगळ्या गाडीचं वजन पहिल्या कपलिंगवर येतं," ते म्हणाले. "मागून कुणी हात दिला की ते वाटलं जातं. आणि समजा मध्ये तुटलीच, तर मागचे डबे खाली पळत नाहीत. बँकर धरून ठेवतो."

अण्णा बँकरवर ड्रायव्हर होते. हल्ली लोको पायलट म्हणतात. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी कसारा ते इगतपुरी आणि इगतपुरी ते कसारा एवढ्याच पट्ट्यात काढली. जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. घाट चढवायचा, माथ्यावर सुटायचं, मोकळ्या इंजिनानं खाली जायचं, पुढच्या गाडीला लागायचं. लोक गाडीतून उतरले की पुढच्या इंजिनाकडे बघतात, लहान मुलं पुढच्याच ड्रायव्हरला हात करतात. मागच्या इंजिनात माणूस आहे हे किती जणांना ठाऊक असतं? मला या गावाबद्दल लिहायचं ते याच कारणानं. इगतपुरी हे मागून जोर लावणाऱ्यांचं गाव आहे, आणि अशा गावांचा इतिहास कुणी लिहून ठेवत नाही.

मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी गेली, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्यानंतरची खरी लढाई सह्याद्रीशी होती, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. देशावरचा कापूस बंदरात आणायचा तर कोकण आणि देश यांच्यामधली ही भिंत चढणं भाग होतं. आधी माळशेजचा विचार झाला, तो सोडून दिला गेला. शेवटी दोन वाटा ठरल्या. पुण्याकडे बोरघाट आणि नाशिककडे थळघाट, म्हणजे आमचा कसारा घाट. जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले यानं दोन्ही घाटांची आखणी केली. १ जानेवारी १८६१ ला गाडी कसाऱ्यापर्यंत पोचली आणि तिथंच अडली. बोरघाट १८६३ मध्ये सुरू झाला. आमचा घाट सुरू व्हायला १ जानेवारी १८६५ उजाडलं. म्हणजे चार वर्षं मुंबईहून आलेला माणूस कसाऱ्याला उतरायचा आणि पुढचा डोंगर बैलगाडीनं, घोड्यावर नाहीतर पायी चढायचा. बर्कलेला थळघाटातून गेलेली गाडी बघायला मिळाली नाही. तो १८६२ मध्येच गेला.

त्याचं नाव निदान पुस्तकात आहे. ज्यांनी सुरुंग लावले, डोंगराच्या कड्यावर दोराला लटकून पहारी मारल्या, त्यांची नावं कुठंच नाहीत. शेजारच्या बोरघाटात कामाचा जोर होता तेव्हा ४०,००० हून जास्त माणसं एका वेळी राबत होती. पटकीची साथ आली की तळच्या तळ रिकामे व्हायचे, उरलेले पळून जायचे, आणि पावसाळा सरला की पुन्हा नवी माणसं यायची. त्याच घाटाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात उतरल्यावर महिन्याभरातच वारला, आणि त्याची बायको ॲलिस हिनं कंत्राट अंगावर घेऊन तडीला नेलं. मला ही बाई फार आवडते. परक्या मुलुखात, नवऱ्याच्या मागे, त्या काळात. पण तिच्याबरोबरच मला त्या मजूर बायकाही दिसतात, ज्या डोक्यावर दगड-मातीच्या पाट्या वाहायच्या आणि झाडाला झोळी बांधून पोर निजवायच्या. त्यांच्या मागेही कुणी नव्हतं.

घाटाचा चढ ३७ ला १ आहे. ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. रस्त्यावरून चालणाऱ्याला यात काही वाटणार नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्याला एवढा चढ म्हणजे भिंतच. बोगदे, दऱ्यांवरचे पूल, त्यात एहेगावच्या दरीवरचा तो उंच पूल. पावसाळ्यात त्या पुलावरून जाताना खाली जमीन दिसत नाही, नुसतं ढग. कल्याणहून येणारे प्रवासी दारात उभे राहून फोटो काढतात. आमच्या लहानपणी तिथं आल्यावर आई आम्हाला दारापासून आत ओढायची आणि एक नाणं खाली टाकायची. घाटनदेवीसाठी. देवीचं देऊळ वर, जुन्या रस्त्याच्या कडेला आहे. रेल्वे नव्हती तेव्हापासून घाट चढणारा माणूस तिथं टेकायचा, चढ संपल्याचं तिला सांगायचा आणि पुढे जायचा. आई म्हणायची, गाडी देवळापाशी थांबत नाही म्हणून काय झालं, आपण थांबल्यासारखं करावं.

थांबणं. या स्टेशनाचा सगळा जन्म त्यात आहे. इगतपुरीला मोठी बाजारपेठ नव्हती, राजाची राजधानी नव्हती. भाताची खाचरं, ठाकर आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या, जूनपासून सप्टेंबरपर्यंत न थांबणारा पाऊस. पण घाट चढून दमलेल्या इंजिनाला इथं पाणी-कोळसा लागायचा, आणि उतरणाऱ्या गाडीला ब्रेक तपासून घ्यावे लागायचे. म्हणून इंजिनांची शेड आली, शेडमागे क्वार्टर्स, क्वार्टर्समागे शाळा, चर्च, दवाखाना, बाजार. आमच्या चाळीत एका टोकाला गोव्याचं फर्नांडिस आडनावाचं एक ख्रिस्ती कुटुंब होतं, दुसऱ्या टोकाला खानदेशातले पाटील, मध्ये आम्ही, मागच्या रांगेत उत्तरेकडून आलेले गँगमन, रुळांची देखभाल करणारे. नाताळात करंज्यांसारख्या नेवऱ्या यायच्या आणि दिवाळीत आमच्या करंज्या तिकडे जायच्या. आईला त्या दोन्हींतला फरक खोबऱ्यावरून ओळखता यायचा.

विजेची इंजिनं मुंबईहून घाट चढून इगतपुरीपर्यंत आली ती १९३० च्या सुमारास. पुढे भुसावळकडे कोळशाचंच इंजिन. म्हणजे प्रत्येक गाडीचं इंजिन इथं बदलायचं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पुढेही वीज गेली, पण ती वेगळ्या जातीची. मुंबईकडे १५०० व्होल्ट डीसी, नाशिककडे २५,००० व्होल्ट एसी. पुन्हा इंजिन बदलणं आलंच. गाडी वीस-वीस मिनिटं उभी. त्या वीस मिनिटांवर अख्खं गाव जगलं, हे मी अतिशयोक्ती न करता सांगते. चहाच्या किटल्या, वडे, ऑम्लेट-पाव, पावसाळ्यात वाफाळणारी मक्याची कणसं. आणि मे महिन्यात वाड्यांवरच्या बायका टोपल्या घेऊन यायच्या. पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात काळीभोर करवंदं, वर दोन-तीन लालसर, मुद्दाम ठेवलेली, कारण आंबट आवडणारं गिऱ्हाईक असतंच. द्रोणाची काडी दातांनी तोडायची त्यांची पद्धत मला अजून डोळ्यांसमोर दिसते. पहाटे डोंगरात जाऊन काट्यांत हात घालून तोडलेली करवंदं, आणि मनगटांवर त्याचे ओरखडे.

मग दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली, आणि २००६ मध्ये घाटातली वीजही एसी झाली. इंजिन बदलायचं कारण संपलं. थांबा वीस मिनिटांवरून पाचावर आला. माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या वडिलांचा स्टेशनावर चहाचा स्टॉल होता. तिनं मला एकदा सांगितलं, वीस मिनिटांत माणूस उतरतो, पाय मोकळे करतो, चहा घेतो, दुसरा घेतो, पेपर घेतो. पाच मिनिटांत तो खिडकीतून फक्त 'कुठलं स्टेशन?' असं विचारतो.

पण ब्रेकसाठीचं थांबणं अजून आहे, आणि ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. मुंबईकडे उतरणारी गाडी इगतपुरीला उभी राहते. (आमच्या रेल्वेत मुंबईहून निघालेली गाडी 'डाऊन' आणि मुंबईकडे जाणारी 'अप', म्हणजे घाट चढते ती डाऊन आणि उतरते ती अप. लहानपणी हे समजायला मला दोन वर्षं लागली.) गाडीखालून एक लांब फुस्स असा आवाज येतो. चाकांवरचे ब्रेक आवळतात, मग सैल होतात. पुढे ड्रायव्हरसमोरच्या घड्याळासारख्या गेजवर काटा ५ वर हवा, आणि शेवटच्या डब्यात गार्डच्या गेजवरही तो नीट यायला हवा. मधल्या एखाद्या डब्याचा नळ बंद राहिला तर त्याच्या मागच्या डब्यांचे ब्रेक लागणारच नाहीत, आणि ते घाटात कळून उपयोग नाही. म्हणून माणसं गाडीच्या बाजूनं वाकून, बॅटरी मारत, डबा अन् डबा बघत जातात. घाटात ताबा सुटलेल्या गाडीसाठी कॅच सायडिंग आहेत, मुख्य रुळापासून फुटून डोंगराच्या अंगाला चढणारे रूळ, म्हणजे गाडी चढावर जाऊन आपोआप थांबावी. अण्णा म्हणायचे, सायडिंग आहे हे विसरून ब्रेक बघायचे.

अण्णा नोकरीला लागले तेव्हा घाटात ती जुनी इंजिनं होती, ज्यांना सगळे 'खेकडा' म्हणत. पुढे लांब नाक, मागे लांब नाक, मध्ये घर, आणि चाकांच्या बाजूनं खेकड्याच्या पायांसारखे हलणारे दांडे. १९२० च्या दशकाच्या शेवटी आलेली. उभं असताना खेकडा कण्हायचा. खरंच, आजारी माणूस झोपेत कण्हतो तसा. शेडपासून आमची चाळ लांब नव्हती, रात्री तो आवाज यायचा आणि धाकटा भाऊ रडायला लागायचा. अण्णा त्याला एकदा शेडमध्ये घेऊन गेले, इंजिनाच्या गरम पत्र्यावर त्याचा हात ठेवला आणि म्हणाले, "दमलंय रे ते. रडत नाही." तेव्हापासून तो रडायचा थांबला. मुंबईत नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक खेकडा जपून ठेवला आहे. नातवाला घेऊन गेले होते. रंग दिलेला, स्वच्छ, शांत. मी पत्र्यावर हात ठेवला. गार होता.

बँकरवरचं सगळं काम कानाचं. वॉकीटॉकी नव्हते तेव्हा पुढचा ड्रायव्हर शिट्टी द्यायचा, तिचे ठरलेले अर्थ होते, आणि मागच्यानं शिट्टीनं उत्तर देऊन जोर लावायचा. मध्ये वीस-बावीस डबे, पाऊस, वारा, बोगदा. शिट्टी चुकली तर पुढचा थांबतोय आणि मागचा ढकलतोय असं व्हायचं, आणि मधले डबे रुळावरून उचलले जाण्याची भीती. म्हणून अण्णा ड्यूटीवर कानटोपी घालायचे नाहीत, कितीही थंडी असो. आई दरवर्षी विणायची, ते दरवर्षी घरी ठेवून जायचे.

एका जुलैतली गोष्ट घरात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. झड लागलेली, तिसरा दिवस. रात्री दीडच्या सुमारास अण्णांची गाडी दोन बोगद्यांच्या मध्ये थांबली. पुढून थांबण्याची शिट्टी आली, एवढंच त्यांना कळलं. पुढे काय झालंय ते मागच्या माणसाला दिसत नाही. त्याचं काम एकच, गाडी धरून ठेवायची. तीनेकशे मीटर उंचीचा घाट पायाखाली, हजारेक माणसं झोपलेली, आणि अण्णा ब्रेकवर हात ठेवून चाळीस मिनिटं शिट्टीची वाट बघत उभे. नंतर समजलं ते असं. पावसाळी गस्तीचा एक गँगमन हातबत्ती घेऊन चालत होता, त्याला रुळावर दगड दिसला, बैलगाडीएवढा. तो गाडीच्या दिशेनं पळत सुटला, लाल बत्ती दाखवत, आणि रुळावर फटाके लावत गेला. रेल्वेचे ते फटाके चाकाखाली फुटले की ड्रायव्हरनं थांबायचं. गाडी दगडापासून थोड्याच अंतरावर थांबली. तो गँगमन आमच्याच मागच्या रांगेत राहायचा. दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्याला घरी जेवायला बोलावलं. तो आला, पाटावर बसला, आणि जेवताना दोघं त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. भाताची आवणी यंदा लांबली, एवढंच बोलले. ताट उचलताना आईनं बघितलं, त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांची नखं गेली होती. खडीवरून अनवाणी पळाला होता, चपला चिखलात राहिल्या म्हणून.

उन्हाळ्यात हिल गँगची माणसं कड्यावर चढून सुटलेले दगड शोधून आधीच खाली पाडतात, म्हणजे पावसात ते गाडीवर येणार नाहीत. आजही. दोराला लटकूनच. १८६० च्या आसपास घाट खोदणारे जसे लटकायचे, तसेच.

गावाला नंतर दुसरी ओळख मिळाली. १९७६ मध्ये गोएंका गुरुजींच्या धम्मगिरीत विपश्यनेची शिबिरं सुरू झाली, आणि स्टेशनावर पाठीला मोठ्या सॅक लावलेली, जगभरातून आलेली माणसं दिसू लागली. दहा दिवसांचं शिबिर, शेवटचा दिवस सोडला तर सगळं मौनात. मला नेहमी वाटतं, पहाटे चारला उठून डोळे मिटून बसलेल्या त्या माणसांना घाटातून चढणाऱ्या मालगाडीची शिट्टी ऐकू येत असेल. ट्रेकवालेही इथंच उतरतात, कळसूबाईला, अलंग-मदन-कुलंगला जायला. त्यांच्यामुळे स्टेशनाबाहेरच्या वडापाववाल्यांचं शनिवार-रविवार बरं चालतं.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा, ७६ किलोमीटरांचा टप्पा सुरू झाला. डोंगराच्या पोटातून जवळजवळ ८ किलोमीटरांचा जुळा बोगदा आहे. भाऊ मला गाडीनं त्यातून घेऊन आला. दिवे, गुळगुळीत रस्ता, आणि घाट संपला. ना देवी, ना दरी, ना धुकं. रस्ता चांगला झाला, आजारी माणसाला मुंबईला न्यायला वेळ वाचतो, हे मी मनापासून मानते. वंदे भारतही २०२३ पासून याच घाटानं शिर्डीला जाते आणि तिला बँकर लागत नाहीत, कारण तिच्या निम्म्या डब्यांना स्वतःच्या मोटारी आहेत. जोर पुढचा-मागचा राहिलाच नाही, सगळ्या गाडीभर वाटला गेला. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार केला. "काडेपेट्यांना एकीआड एक बोट," म्हणाले. "चांगलं आहे."

अण्णा आता ८४ वर्षांचे आहेत. कान गेले. यंत्र दिलंय, ते लावत नाहीत, त्यात पावसाचाच आवाज फार येतो म्हणतात. गेल्या श्रावणात मी चार दिवस राहिले होते. एका रात्री जाग आली तर ते खाटेवर उठून बसलेले, पाय खाली, तळवे शहाबादी फरशीला टेकलेले. बाहेर पाऊस कोसळत होता, मला त्यापलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. मी खांद्याला हात लावला. त्यांनी बोट वर केलं, थांब म्हणून. मग मलाही पायाला लागलं, फरशीतून येणारी ती बारीक थरथर, वाढत वाढत गेली, आणि स्टेशनाच्या बाजूला कुठंतरी थांबली.

"दोन लागलेत," अण्णा म्हणाले. "मालगाडी आहे. सुटतील आता."

ते तसेच बसून राहिले. मी त्यांच्या पायांवर घोंगडी टाकली आणि शेजारी बसले, तळवे फरशीला टेकवून.